शिडाची मांडणी

जेद्दामधल्या एका गॅलरीत उस्मान अठरा वर्षं चित्रं टांगत होता. क्यूरेटर बोटाने जागा दाखवत आणि उस्मान ड्रिल लावी. यंदा आजच्या आफ्रिकी कलेचं प्रदर्शन मांडायला घानाहून एफुआ आली. तिने आणलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे तिकडच्या एका होडीचं जुनं शीड होतं. समुद्रात बुडून गेलेल्या मच्छीमारांचे चेहरे चित्रकाराने त्यावर रंगवले होते. पण भिंतीवर ताणून लावल्यावर ते नुसतं कापड दिसू लागलं.

एफुआ बराच वेळ शिडाकडे बघत राहिली. मग उस्मानला म्हणाली, "काहीतरी चुकतंय. तुम्हाला काय वाटतं?"

उस्मान गडबडला. कोकणात हर्णैला त्याचे वडील शिडाच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. "मॅडम, शीड चारी बाजूंनी बांधत नाहीत," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "वर काठीला बांधायचं, खालचं एक टोक दोरीने धरायचं आणि बाकीचं वाऱ्यावर सोडायचं."

तिने फोन करून चित्रकाराचा होकार घेतला. दोघांनी शीड एसीच्या झोतात टांगलं. ते फुगलं आणि त्यावरचे चेहरे जिवंत झाल्यासारखे हलू लागले.

उद्घाटनाच्या दिवशी शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'मांडणी : एफुआ आणि उस्मान'. त्याने पाटीचा फोटो हर्णैला बायकोला, शरफुन्निसाला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"तुझं नाव कसं काय लावलं त्यांनी?"

"अल्ला त्या बाईचं भलं करो," उस्मान म्हणाला. "तिने मला विचारलं गं."