वरच्या कप्प्यातलं ताट

आप्पांचा जन्म डुकराचं मटण कापण्यात गेला. दुकानातली त्यांची शिस्त एकच, माल वर टांगायचा. खाली मांजर, खाली धूळ, खाली गिऱ्हाइकांचे पाय. मटण आकड्याला लागलं की त्यांचा जीव भांड्यात पडे.

दुकान मुलाच्या हाती गेलं, तरी आप्पांचे हात काही गप्प बसेनात. त्या रविवारी ते खांद्याचं चांगलं मटण घेऊन घरी आले, उघड्या ताटात काढलं आणि ताट फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात सारलं.

"मामंजी, खाली ठेवा ना," सून म्हणाली. "झाकणाच्या डब्यात. पाणी गळतं त्याचं. आणि उद्या-परवा शिजणार नसेल, तर बर्फाच्या कप्प्यात टाकू."

"सूनबाई, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून डुकरं कापतोय मी. मटण कोंडलं की वास मारतं. आणि खाली ठेवायला ते काय कांदे-बटाटे आहेत?"

पलीकडे बसलेली अक्का, आप्पांची थोरली बहीण, बोळकं पसरून हसली. "ऐक गं त्याचं. नाहीतर तुलाच आकड्याला टांगेल."

ताट वरच राहिलं. दुकानात टांगलेल्या मटणाखाली कच्चं खायचं काही नसे, हे आप्पांच्या ध्यानातच आलं नाही. इथे खालच्या कप्प्यात अक्कासाठी चिरलेली पपई उघडीच होती. दात गेल्यापासून तिची न्याहारी तीच.

सकाळी अक्काने पपई खाल्ली. दुसऱ्या दिवशी जुलाब, ताप, आणि मग दवाखान्यात सलाईन. सुनेने फ्रिज उघडला, तर ताटाच्या कडेवरून ओघळलेलं गुलाबी पाणी पपईच्या वाडग्यावर वाळलं होतं. तिने तो वाडगा तसाच आप्पांपुढे आणून ठेवला.

अक्का वाचली, पण निम्मी होऊन परतली. आई गेल्यावर आप्पांना हिनेच घास भरवून वाढवलं होतं. आता ती त्यांच्या घरचं काही तोंडात घालेना. धाकट्या भावाकडे जाते म्हणाली.

"तुझ्यासाठी वेगळा फ्रिज आणतो," आप्पा म्हणाले.

"मला ठेवणार आहेस का त्यात?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "रागावले नाही रे. पण पोट घाबरलंय. त्याची समजूत कोण काढणार?"

धाकटा गाडी घेऊन आला. आप्पांनी स्वतः उकळून गार केलेलं पाणी बाटलीत भरून तिच्या हातात दिलं. अक्काने बाटली जराशी फिरवून पाहिली आणि मांडीवर ठेवली.

"वाटेत पिईन हं."

नको असलं की ती लोकांना असंच गोड बोलून वाटेला लावायची. शेजाऱ्यांना, दूरच्या पाहुण्यांना. आप्पांशी आजवर कधी तसं बोलली नव्हती.