माझे पाय रंगवू नका!

मी कपॅसिटर बोलतोय. घाबरू नका, वायर काढलेली आहे! पुस्तकात मला संधारित्र म्हणतात. एवढं भारदस्त नाव, आणि बघायला जावं तर काय, ताटाएवढ्या दोन धातूच्या चकत्या, समोरासमोर उभ्या. एकीवर धन प्रभार, दुसरीवर ऋण. मधे नुसती हवा. तिथे दिसत काहीच नाही, पण माझा सगळा जीव तिथेच आहे. त्यालाच विद्युत क्षेत्र म्हणतात.

एका कारागिराने मला लेथवर गुळगुळीत केलं आणि पाय मुद्दाम प्लास्टिकचे बसवले. धातूचे असते तर सगळा प्रभार टेबलात पळून गेला असता. मग मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो आणि सरळ कपाटात गेलो. शिक्षक फळ्यावर माझं चित्र काढत आणि म्हणत, "कोण काढतंय ते लचांड बाहेर?" मला असा राग यायचा! चित्रातला मी काय कामाचा?

मग कानशीबाई आल्या. हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण त्या हातात कानस घेऊन सदा काही ना काही घासत असत. त्यांच्या वर्गात भिंगरी नावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण तोंड अखंड चालू. तिला पुढे भौतिकशास्त्रच शिकायचं होतं. शाळेच्या ऑफिसने मात्र परस्पर ठरवून टाकलं, हिला प्रात्यक्षिकातून सूट.

"मिळतेय तर घे की," तिचे बाबा म्हणाले.

"बाबा, सूट घेतली की पुढच्या कॉलेजात मला प्रयोगशाळेत पाऊलसुद्धा टाकू देणार नाहीत. मी प्रयोग करणार म्हणजे करणार!"

बाईंनी मला बाहेर काढलं. माझ्या चकत्या ज्या पट्टीवर मागेपुढे सरकतात, तिच्यावर बोटांना लागतील अशा खाचा पाडल्या. थर्माकोलचा एक मणी चंदेरी कागदात गुंडाळून रेशमी दोऱ्याने माझ्या मधोमध टांगला. वीज दिली की मणी एका चकतीला शिवायचा, तिचा प्रभार घ्यायचा, आणि ती त्याला दुसरीकडे ढकलून द्यायची. टक, टक, टक! माझं न दिसणारं क्षेत्र भिंगरीला ऐकू येऊ लागलं. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, या पोरीसाठी जीव तोडून काम करायचं.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरच्या शाळेतले परीक्षक आले. बाईंनी वीज दिली. मणी ढिम्म! मी सगळा जोर लावला, पण प्रभार कसा तो टिकेचना.

"राहू द्या हो," परीक्षक म्हणाले. "बिचारीला कशाला त्रास? सूट आहेच."

"सर, बिचारी म्हणू नका," भिंगरी म्हणाली. "बाई, वीज बंद करता?"

बाईंनी वीज बंद करून माझ्यातला उरलासुरला प्रभार काढला. भिंगरीने मला वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि पायाशी थांबली. "हे खरखरीत कसे? काल तर गुळगुळीत होते!"

दारातले शिपाईकाका चाचरत म्हणाले, "पाहुणे येणार म्हणून... खिडक्यांचा चंदेरी रंग उरला होता. जरा देखणा दिसावा म्हटलं."

घ्या! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या रंगात धातूची पूड, तिच्यावरून माझा प्रभार खुशाल टेबलात उतरत होता. बाईंनी ब्लेड घेतलं, काकांनी दुसरं. दोघांनी मिळून पाय खरवडले. पुन्हा वीज दिली.

टक, टक, टक!

परीक्षक खुर्ची ओढून बसले. "चकत्या दोन खाचा लांब ने." भिंगरीने प्लास्टिकच्या पायांना धरून त्या सरकवल्या. "काय झालं?"

"टकटक मंदावली, सर. व्होल्टेज तेवढंच, अंतर वाढलं, म्हणून क्षेत्र कमी झालं."

"कशावरून? मण्याला लांब जावं लागतंय, म्हणूनही उशीर होत असेल."

बाईंनी ओठ चावला. मी मनात म्हटलं, पोरी, डगमगू नकोस.

"मग अंतर बदलायचंच नाही," भिंगरी सावकाश म्हणाली. तिने चकत्या परत पहिल्या खाचेवर आणल्या आणि वीज देणाऱ्या पेटीचं बटण फिरवून फक्त व्होल्टेज कमी केलं. "अंतर तेच, क्षेत्र तेवढं कमी. आता ऐका."

परीक्षकांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि कान माझ्याकडे केला. टक... टक... टक. मणी मंदावला होता.

मग डोळे उघडून बाईंना म्हणाले, "ती सूट खोडून टाका. हिने प्रयोग केलाय."

भिंगरी आता पुढच्या कॉलेजात आहे. मी इथेच, उघड्या टेबलावर. पायाच्या खोबणीत चंदेरी रंगाचा एक ठिपका अजून उरलाय. काका रोज तो खरवडायला बघतात, पण तो काही निघत नाही.

माझं एवढंच सांगणं आहे. कुणाला सूट देऊन मोकळं होण्याआधी मला एकदा त्याच्यासमोर आणून ठेवा. पाय तेवढे स्वच्छ, कोरडे असू द्या. बाकी माझं मी बघतो.