चार नंबरचा पाचवा फाउल

ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे. आलं तेव्हा मात्र मी त्याला उत्तर दिलं नाही. "सर, पाचवा फाउल माझा नव्हता, चौदा नंबरचा होता. तुम्ही कोचना तेवढं लिहून द्या. सोमवारी विद्यापीठ संघाची यादी लागेल. नाव आलं तर हॉस्टेलची खोली राहील, नाहीतर वडील मला मामाच्या पिठाच्या गिरणीत बसवणार आहेत."

मी कॉलेजचा ग्रंथपाल. बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षर बरं म्हणून इनडोअर स्टेडियममध्ये सामन्याचा कागद लिहायला मला बसवत. एरवी माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. तिथे मी फाउलची पाटी उचलली की सगळी गॅलरी माझ्याकडे वळायची.

दहाच्या वरच्या नंबरच्या खेळाडूचा फाउल असला की पंच एका हाताची मूठ दाखवतो आणि दुसऱ्या हाताची बोटं. मूठ म्हणजे दहा. त्या दिवशी माझ्या मांडीवर, टेबलाखाली, कादंबरी उघडी होती. मान वर केली तेव्हा मला नुसती चार बोटं दिसली. चार नंबरची मुलगी उंच, सगळे तिला शिडी म्हणत. तिचे चार फाउल झालेलेच होते. मी पाचवा लिहिला आणि पाटी उचलली. पाच झाले की खेळाडू बाहेर.

ती टेबलाशी धावत आली. "सर, मी जवळपाससुद्धा नव्हते हो!"

पंचानं कपाळ पुसलं. "मी काय दाखवलं ते आता मलाच धड आठवत नाही. कागद काय म्हणतो?"

"चार नंबर," मी म्हणालो.

"शिडी, उतर! शिडी, उतर!" गॅलरीनं ताल धरला. सामना एका गुणानं गेला. कोचनी सगळ्यांदेखत तिच्या हातात फडकं दिलं. "खेळता येत नाही, निदान कोर्टावरचा घाम तरी पूस." सगळ्यांत मोठ्यानं तिच्याच संघातली चौदा नंबर हसली.

मंगळवारी पत्र आलं. संध्याकाळी कोच ग्रंथालयात डोकावले. "काय हो ग्रंथपालसाहेब, शिडी म्हणते तुमचं चुकलं. चुकलं का?"

"छे, छे. कागद बरोबर आहे."

"तेच म्हटलं मी. पुस्तकातला किडा आकड्यात कशाला शिरेल!"

मीही हसलो.

रोज उत्तर लिहायला घ्यायचो. 'चूक' लिहावं की 'नजरचूक', यात गुरुवार गेला. नजरचूक म्हटलं तर नजर कुठे होती, असं विचारतील. शनिवारी पुरं झालेलं पत्र फाडलं, कारण दुसऱ्या ओळीत खाडाखोड होती.

सोमवारी यादी लागली. चौदा नंबर होती, ही नव्हती. दुपारी फाटकाशी तिचे वडील ट्रंक घेऊन चाललेले दिसले, मागे ती, काखेत गादीची वळकटी. मला पाहून थबकली.

"सर, माझं पत्र मिळालं होतं ना?"

"कुठलं?" मी म्हणालो.

"चल गं," वडील म्हणाले. "मामा वाट बघत बसलाय, गिरणी पाचला बंद होते."

त्या संध्याकाळी हात कसा सुटला होता! एकही खाडाखोड न करता लिहिलं: फाउल चौदाचाच, मूठ मी पाहिली नाही, कोचशी खोटं बोललो. घरचा पत्ता तिच्या वाचक कार्डावर मिळाला. कार्डावर एक पुस्तकही बाकी दिसलं, म्हणून खाली ताजा कलम घातला: पुस्तक आठ दिवसांत परत पाठवावे. मग कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेलो आणि पत्र टाकलं.