उताऱ्याचा मांगूर

आमच्या तांड्यात लोक फी डॉक्टरला देतात आणि उपकार माशाचे मानतात. पांढरकवड्याच्या दवाखान्यातून सलाइन लावून माणूस घरी येतो, खाटेवर पडतो, मग घरातली म्हातारी बादलीतून जिवंत मासा आणते, त्याच्यावरून ओवाळते आणि तळ्यात सोडते. दुखणं माशात गेलं, मासा पाण्यात गेला, माणूस मोकळा. मासा पोहत आत शिरला तर बरं. उलटा होऊन वर आला तर रडारड आधीच सुरू. दुसऱ्या कुठल्या तांड्यात ही रीत नाही. माहेरी सांगितलं तेव्हा माझे भाऊ पोट धरून हसले होते.

मीही हसायचे. मग खुशीला डेंगू झाला.

खुशी माझी एकुलती एक. माझा नवरा संजय तेव्हा ट्रक घेऊन हैदराबादच्या पलीकडे होता. दवाखान्यातून पोरीला घरी आणलं तेव्हा तिला मान उचलवत नव्हती. सासूनं, म्हणजे रामीबाईनं (मी तिला याडीच म्हणते, आमच्या बोलीत आई), बाजारातून पत्र्याच्या डबकीत एक काळा मांगूर आणला. चपटं डोकं, तोंडाला मिशा. याडीनं तो खुशीवरून ओवाळला. बादली मी धरली होती. अशा वेळी आईचं डोकं चालत नाही, हात तेवढे चालतात.

मासा सरळ आत गेला. संध्याकाळी खुशीनं वरणाचं पाणी मागितलं.

"पाह्य," याडी म्हणाली, "गेलं."

दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटल्यांचं कोणी नावसुद्धा काढलं नाही.

पूर्वी उताऱ्याला नाल्यातला बोटभर मासा चालायचा. आता नाला दिवाळीतच आटतो आणि बाजारातला रोहू बर्फावर मरून येतो. मांगूर मात्र ओंजळभर पाण्यात दिवसभर जगतो, वर तोंड काढून हवा घेतो, डबकीत आपटला तरी मरत नाही. आमच्या लोकांना असाच मासा हवा होता. तो जगतो तोवर दुखणं त्याच्यात बांधलेलं. शेजारच्या मैनाबाईच्या नवऱ्याचं, किसनसिंगचं, लकव्यानं तोंड वाकडं झालं होतं. तिनं मांगूर सोडला. आता किसनसिंग काठी टेकत का होईना, चालतो. कोणाची कावीळ, कोणाचे झटके, कोणाचं बाळंतपण, प्रत्येक घराचा एकेक मांगूर तळ्यात होता. आणि नियम असा, की उताऱ्याचा मासा धरायचा नाही, खायचा नाही, मारायचा तर मुळीच नाही. मारला तर दुखणं वाट शोधत घरी येतं.

हे मासे विकणारा अब्रार भला माणूस. कोंबडीच्या दुकानासमोर त्याची टाकी असते. एकदा त्यानं मला बाजूला घेतलं.

"भाभी, गावरान मांगूर तं मले पाहून जमाना झाला. हे दुसरंच हाय, वरून गाडीत येते. खायले नेता का सोडायले? सोडायले असन तं मी देत नाही. तळं खाऊन टाकते हे."

"खायलेच," मी म्हणाले. मला मैनाबाईनंच पाठवलं होतं. आमच्या तांड्यातलं प्रत्येक माणूस अब्रारला हेच सांगत असणार.

तळं आमच्या बायांच्या बचत गटानं ठेक्यानं घेतलेलं. गटाची अध्यक्ष मी. रोहू-कटलाचं बियाणं आम्हीच सोडलं होतं. दुसऱ्या वर्षी जाळं ओढलं तर वर आले ते मांगूरच, हातभर लांबीचे, काळेकुट्ट, एकमेकांत वळवळणारे. रोहू नावालाही नाही. आणि आमच्या बायांनी काय करावं? हात जोडले आणि सगळे परत पाण्यात सोडले! मी कपाळाला हात लावला.

मग पाण्याला वास यायला लागला. बदकाची पिल्लं उतरायची आणि परत यायची नाहीत. पावसाळ्यात बेडूक ओरडले नाहीत, ते कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मला त्या शांततेनं झोप लागेना. कपडे धुणाऱ्या एका बाईच्या टाचेचा लचका निघाला. ती म्हणाली, दगड लागला. सगळ्यांनी मान डोलावली.

खुशी आता सातवीत आहे. तिनं मोबाइलवर फोटो काढून शोधलं.

"मम्मी, हा आपल्या इकडचा नाहीच. आफ्रिकेतला हाय. बंदी हाय याच्यावर. इंग्रजीत कॅटफिश." मग हसून म्हणाली, "मोबाइलवर दुसऱ्याचा फोटो लावून पोट्टीयले फसवतात ना, त्यायलेबी कॅटफिशच म्हणतात."

मला हसू आलं नाही. माशानं बिचाऱ्यानं आपण गावरान आहोत असं कधी म्हटलं होतं? ते आम्हीच म्हणत होतो.

उन्हाळ्यात मत्स्य खात्याचा माणूस आला. पाण्याकडे पाहून त्याचा चेहराच उतरला. पाऊस लागायच्या आत सगळे मारून पुरा, म्हणाला. तळं भरून वाहिलं की हे ओल्या जमिनीवरूनही सरकत जातात, नाल्यात, तिथून खुनी नावाच्या नदीत. मग कोणाच्या बापाला आवरायचे नाहीत.

तांड्याचा नायक अमरसिंग. त्याच्या ओट्यावर बैठक बसली. मी सगळं सांगितलं. कोणी वाद घातला नाही, हेच मला खटकलं. वाद घातला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं.

अमरसिंग बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "जया, त्यात कोनता मासा कोनाचा, तुले सांगता येते?"

"नाई येत."

"मंग मारू कोनता अन् ठेवू कोनता?"

मैनाबाई खालच्या मानेनं म्हणाली, "ज्याले मारायचं त्यानं मारावं. आमी पाह्यनार नाई. पन आमच्या घरी काही झालं तं आमी त्याच्याच दारी येऊ."

सगळे उठून गेले.

घरी याडीनं माझा हात धरला. "नको मारू, जया. खुशीचं दुखनं हाय त्यात."

"याडी, खुशीचं दुखणं सलाइननं गेलं."

"मले काय समजते? पन तूबी तं तळ्यावरून जाताना पान्याकडं पाह्यतं. मी पाह्यलं हाय तुले."

खरं होतं ते. बारावी शिकलेली मी, गटाची अध्यक्ष, आणि तळ्यावरून जाताना माझी नजर पाण्यात जायची. आत कुठेतरी माझ्या लेकीचा ताप मिशा हलवत फिरतोय, असं वाटायचं. त्या वाटण्याचा मला संताप यायचा. मासे मारायचे होते ते तळ्यासाठी, हे खरं. पण मला ते वाटणंही मारायचं होतं.

वणीकडचे भोई बोलावले. पाणी उपसून त्यांनी मांगूर जाळ्यानं काढले आणि खोदलेल्या खड्ड्यात टाकले. राजूरच्या भट्टीचा चुना मी आणून ठेवला होता. चुना टाकायची वेळ आली तेव्हा मात्र भोयांच्या म्होरक्यानं तांड्याकडे बोट दाखवलं. भर दुपारी एकूणएक दार बंद होतं. बाहेर कुत्रंही नव्हतं.

"बाई, हे काही ठीक नाही. आमी निघतो," म्हणाला, आणि ते गेले.

खड्ड्याजवळ मी एकटी उरले. मासे मरत नव्हते. शेकडो तोंडं वर येऊन हवा घेत होती आणि त्याचा आवाज येत होता, भात शिजताना येतो तसा. मी पोती फोडली. घाईत हातानंच चुना ओतला, वर पाणी टाकलं. वाफ उठली, आवाज वाढला आणि मग थांबला. माती लोटून मी घरी आले तेव्हा माझे तळवे भाजून लाल झाले होते.

याडी खुशीला मांडीवर घेऊन बसली होती, एवढी मोठी पोरगी. मी खुशीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. रात्री लावला, पहाटे लावला. खुशी वैतागली, "मम्मी, बस ना आता!" पण हात काही ऐकेना. मासे मेले आणि ते वाटणं जिवंतच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. साखर मागायला, विरजण मागायला. दारातून आत डोकावायच्या. "खुशी बरी हाय ना?" बरी आहे म्हटलं की त्यांचे चेहरे सैल व्हायच्याऐवजी आवळायचे. माझ्या लेकीला काही होत नाही म्हणजे ते दुखणं दुसऱ्या कोणाकडे जाणार, असा त्यांचा हिशोब. मी तळव्यांना फडकं बांधलं होतं. तव्याचं भाजलं, सांगायचे. संजयला फोन केला, लवकर ये म्हटलं. काहून, म्हणाला. मी फोन ठेवला.

पाऊस लागला. तळं भरायला लागलं, स्वच्छ पाणी. एका सकाळी मैनाबाईच्या घरून ओरडणं ऐकू आलं. किसनसिंगचं तोंड पुन्हा वाकडं झालं होतं. या वेळी एक बाजू पूर्ण गेली. गोळ्या त्यानं कधीच सोडल्या होत्या, हे मला माहीत होतं. मासा सोडल्यावर गोळ्या कोण खातं? मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. नाल्याला पूर होता, पाणी उतरल्यावर येतो म्हणाले.

मैनाबाई ओरडत आली नाही. ती आली आणि आमच्या अंगणात चिखलात बसली. तिच्यामागे अमरसिंग, त्याच्यामागे सगळा तांडा. खुशीला मी आतल्या खोलीत लोटलं आणि कडी लावली.

"कोनीच पाह्यलं नाई त्या दिवशी," अमरसिंग म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "म्हनून इचारतो. चुना कोनं टाकला?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात याडी माझ्या पुढे झाली.

"मी टाकला."

"रामीबाई, तुह्यानं पोतं तं उचलते का?"

याडीनं लुगड्याखालून हात काढले आणि पुढे धरले. दोन्ही तळव्यांची कातडी सोलवटली होती, बोटांना पाणी धरलेले फोड होते. माझ्या भाजण्यापेक्षा कितीतरी वाईट, आणि ताजं. मागच्या पडवीत अर्धं पोतं चुना उरला होता. त्यात पाणी घालून हिनं कधी हात घातले? सकाळी मैनाबाईकडून ओरडणं ऐकू आलं तेव्हाच घातले असणार.

"खोटं आहे!" मी फडकी सोडली. "हे पाहा माझे हात! मी टाकला चुना, मी!"

याडी त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "सून हाय. मले वाचवाले तव्यावर हात ठेवले तिनं. तुमाले तं तिनंच सांगतलं, तव्याचं भाजलं म्हनून."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सांगितलं होतं मी, प्रत्येकीला सांगितलं होतं. माझ्या हातांकडे मग कोणी पाहिलंच नाही.

मला वाटलं, आता मारतील. कोणी हात उचलला नाही. मैनाबाई उठली, तिनं याडीचं मनगट धरलं, फोड जपून, अगदी मायेनं.

"चाल, काकी. मासा नाई उरला आता. मंग दुखनं ठेवू कोठी?"

याडी एकदा मागे वळली. "खुशीले बाहेर येऊ देऊ नको," म्हणाली आणि त्यांच्यासोबत गेली. मी मधे पडले तर चार बायांनी मला धरून ठेवलं. मैनाबाईच्या ओसरीवर याडीला पाटावर बसवलेलं मला तिथून दिसत होतं. मैनाबाईनं तांब्या किसनसिंगवरून ओवाळला आणि ते पाणी याडीच्या डोक्यावर ओतलं. याडीनं मान खाली घातली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

ती उठायला लागली तर अमरसिंगनं तिला बस म्हणून खूण केली. पाऊस चालूच होता. एक बाई तापलेलं पोर कडेवर घेऊन ओसरीची पायरी चढत होती, आणि तिच्यामागे दुसरी भरलेला तांब्या घेऊन उभी होती.