देवमाशिणीची खूण

"बाय, ती श्वास घेता तेवा बोलूचा नाय."

आबांचा, माझ्या वडिलांचा, हा आवाज मी सातव्या वर्षी ऐकला. आम्ही त्यांच्या होडीत होतो आणि देवमाशीण बरीच लांब होती, पाण्यावर उभ्या राहिलेल्या एका पांढऱ्या फवाऱ्याएवढी. मंगळवारी सकाळी ती आमच्या ऑफिसातल्या नकाशाच्या खोलीत होती, म्हणून तो आवाज मला पुन्हा ऐकू आला.

त्या खोलीत मी नकाशे काढते. देवमाशांसाठी समुद्राचा एक तुकडा राखायचा नियम सरकार करत होतं. त्या तुकड्यात जाळं टाकायचं नाही, बोटीनं वेग घ्यायचा नाही, इंजिनाचा गोंगाट करायचा नाही. त्याची रेषा मी काढली होती. मसुदा छापून आला त्या सकाळी रेषेच्या आतला समुद्र खोलीत आला. पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं, कारण रेषा तिथंच संपत होती. कपाटातल्या फायली कोरड्या राहिल्या. खोली मात्र लांबली. पलीकडची खिडकी इतकी दूर गेली, की तिच्यातला माड काडीसारखा दिसू लागला. त्या लांबीत देवमाशीण होती आणि तिच्या कुशीला तिचं पोर.

आमच्या साहेब नलिनी उईके गडचिरोलीच्या. बदली होऊन इथं येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. त्या उंबऱ्याशी आल्या, चपला काढल्या आणि पुष्कळ वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"आमच्याकडे वाघाला रस्ता द्यायला बस थांबते," त्या म्हणाल्या. "इथं ऑफिस थांबेल."

आणि ऑफिस थांबलं. छपाईयंत्रं बंद झाली. लोक पावलं न वाजवता चालू लागले. गुंडू शिपायानं चहाचा ट्रे डोक्यावर धरून पाण्याच्या कडेनं नेला आणि हळूच विचारलं, हिची हजेरी कुठल्या मस्टरवर लावायची. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांना बरं वाटलं. नियमावर अजून सही नव्हती, तरी तो पाळला जात होता. माझ्या टेबलाशेजारी तिचा डोळा होता. त्यात मी, टेबल, पेन्सिल, सगळं मावून वर जागा उरत होती. माझी आई जाळं विणताना एक ओवी म्हणायची:

तुझ्या माहेराला बाई, नाही दार ना उंबरा
लाट सारवी अंगण, वारा घालतो गं फेरा

अकरा वाजता माझ्या लक्षात आलं, की पाणी कमी होतंय. खोलीही आखडत होती. खिडकीतला माड जवळ आला होता. मी नकाशा पाहिला. मी रेषा काढली होती तिथं तळ उथळ होता. एवढ्याशा पाण्यात कुठलीही देवमाशीण पोर घेऊन येणार नाही. दुपारी तिची पाठ उघडी पडली. उईके मॅडम, मी आणि गुंडू बादल्यांनी तिच्यावर पाणी ओतू लागलो. पाच वाजता मसुद्यावर मॅडमची सही होती. एकदा सही झाली, की रेषा हलत नाही.

चूक माझी होती. जागेची साक्ष द्यायला मी आबांनाच बोलावलं होतं. चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी चालवलेला दुसरा माणूस आमच्या गावात उरला नव्हता. भर सुनावणीत, चाळीस माणसांसमोर मी त्यांना विचारलं, आबा, ती कुठं येते? त्यांनी लगेच उत्तरेचा डोंगर आणि बंदरातला दिवा सांगितला. मी लिहून घेतलं. समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या खुणांनी ओळखतात, आणि कुठलाही तांडेल खरी खूण चारचौघांत सांगत नाही. ती होडीत बसून सांगायची असते, आपल्यामागे सुकाणू धरणाऱ्याच्या कानात. मी तांडेलाची मुलगी असून हे विसरले. आणि मुलगी म्हणूनच माझ्या कानात कुणी काही सांगणार नव्हतं, हेही विसरले.

आबा साक्षीदार म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मी जाऊन सांगितलं, की पाणी आटतंय. त्यांनी आत पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. तिच्या खऱ्या जागेतल्या मासळीवर आमचं घर उभं राहिलं होतं. ती राखीव झाली, तर त्यांचं जाळंही तिथं पुन्हा पडणार नव्हतं.

"हय कसा सांगू?" ते व्हरांड्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हय होडी खंय आसा?"

उईके मॅडमनी बाकाचं एक टोक उचललं. दुसरं गुंडूनं उचललं. आबा बसलेलेच होते. बाक उंबऱ्यापलीकडे ठेवला, तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं, तरी तो तरंगला. मी मागच्या टोकाला बसले आणि माझ्या हाताखाली सुकाणू आलं. ते माझ्या मापाचं होतं.

आम्ही देवमाशिणीच्या अंगाला लागून चाललो. जवळून ती काळी नव्हती. शेवाळानं हिरवट झालेल्या जुन्या पायरीसारखी होती, आणि जाळ्यांचे वळ होते तिथं फिकी. आबांनी एका वळावरून बोट फिरवलं. तो माझ्या आईच्या गाठीच्या जाळ्याचा वळ होता. त्यांनी ओळखलं आणि मीही ओळखलं.

भिंती आता दोन्ही बाजूंनी हात लावता येईल इतक्या जवळ होत्या. पोराची शेपटी खिडकीच्या गजांना लागत होती. उंबऱ्यावर उईके मॅडम पेनाचं टोपण न काढता उभ्या होत्या. घड्याळात पाचाला एक मिनिट कमी होतं. मी नकाशा मांडीवर पसरला, जुनी रेषा पुसली आणि थांबले.

तेव्हा देवमाशिणीनं श्वास घेतला. छताला लागून पाणी परत आमच्यावर पडलं. ऑफिसातलं प्रत्येक माणूस, आबांनी शिकवलं असल्यासारखं, गप्प झालं.

आणि त्या श्वासाच्या मधोमध, माझ्या कानात नाही, उंबऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आबा बोलले.

"देवळाची दीपमाळ जोडमाडांच्या आड जाता, आणि दक्षिणेचो डोंगर कमरेपर्यंत पाण्यात बुडता. थंयसर, बाय. थंयसर ती पोर घेऊन येता."