वजन पाहून घेतलेला ग्रंथ

मी एक जुना ग्रंथ आहे. खरं सांगायचं तर मित्रांनो, ग्रंथ ही पदवी मला पुंजाजीनं दिली. मी छापला गेलो तो एका बांधकाम कचेरीसाठी, रस्ते बांधण्याचे नियम पोटात घेऊन. चारशे पानं, बारीक अक्षर, औषधालाही चित्र नाही. कचेरीत मला फारसं कुणी उघडलं नाही. एक दिवस रद्दीत निघालो आणि मालेगावच्या बाजारात एका पोत्यावर येऊन पडलो.

बहात्तरचा दुष्काळ होता. केनवडचा पुंजाजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. लेक हेमला नुकतीच शाळेत जाऊ लागलेली, तिला पुस्तक घ्यायचं म्हणून तो तिला घेऊन बाजाराला आला. माझ्या शेजारी हत्तीचं चित्र असलेलं पातळ पुस्तक होतं. हेमलानं त्याच्यावर हात ठेवला तो काही उचलेना. पुंजाजीला अक्षरओळख नव्हती. त्यानं एका हातात ते घेतलं, दुसऱ्या हातात मला, आणि दगड जोखावा तसं दोघांना जोखलं.

“हे जड हाये,” तो म्हणाला. “याच्यात लय शिक्षण असन.”

घरी मला पांढऱ्या कापडात गुंडाळून बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवलं. दर पौर्णिमेला वंदना झाली की मला खाली काढायचं, हेमलानं हात धुऊन समोर बसायचं आणि वाचायचं. सहा वर्षांची पोर ती, तिला एक ओळ लागायची नाही. ती रडायची आणि मला माझीच लाज वाटायची. मान कुणाला नको असतो? पण असल्या मानानं मी थकून गेलो. वर्षभरात पुस्तक म्हटलं की हेमलाच्या पोटात दुखू लागलं. ती शाळेला दांड्या मारू लागली. शेवटी पुंजाजीनं हात टेकले. पोरीच्या डोक्यात विद्या उतरत नाही, उद्यापासून तिला कामावर नेतो, असं त्यानं बायकोला सांगितलं.

त्याची बायको गंगू तशी कमी बोलायची. ती म्हणाली, “तुमी वजन पाह्यलं. पोरीचं तोंड नाही पाह्यलं.”

पुढच्या बाजाराला गंगू स्वतः हेमलाला घेऊन गेली. हत्तीचं पुस्तक केव्हाच विकलं गेलं होतं. तिनं लेकीला पोत्यासमोर बसवलं आणि हवं ते उचलू दिलं. हेमलानं माकडाचं पुस्तक उचललं. ते तसबिरीपाशी गेलं नाही. चुलीपाशी गेलं, बांधावर गेलं, भाकरीच्या पिठानं माखलं. चित्राखालचं अक्षर ती आधी अंदाजानं वाचायची, मग खरोखर वाचू लागली. पोटदुखी थांबली आणि कामावर न्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. मी वरून पाहत होतो. खोटं कशाला सांगू, मला त्या माकडाचा हेवा वाटला.

पाच वर्षं गेली. हेमला सातवीत होती. एका पौर्णिमेला तिनं आपणहून मला खाली काढलं आणि वाचायला घेतलं. दगड केवढा फोडावा, मुरुमाचा थर किती द्यावा, पाणी केव्हा मारावं. वाचता वाचता ती थांबली. मी कसलं पुस्तक आहे ते तिला कळलं होतं, पण बापाला कसं सांगावं ते कळेना.

पुंजाजी मात्र सरकून जवळ आला होता. “वाच ना,” तो म्हणाला. “बरोबर हाये ते. आमी असाच रस्ता केला.”

तो बराच वेळ माझ्या पानावरून हात फिरवत राहिला. त्या हाताला खडीचे घट्टे होते. मग त्यानं लेकीला हळूच विचारलं, “तुह्यं ते माकडाचं पुस्तक हाये का अजून?”

मित्रांनो, लेकराला पुस्तक घ्या, खेळणं घ्या, पण आधी त्याचा हात कुठे जातो ते बघा. माझ्यासारखा जड ग्रंथ त्याच्या माथी मारू नका. मी आता पिवळा पडलोय, शिवण सुटत आलीय. पुंजाजी माकडाच्या तिसऱ्या पानावर आहे. माझ्यापर्यंत यायला त्याला वेळ लागेल. तोवर मला कसर लागू देऊ नका.