खरं नाव

"पुन्हा म्हणून दाखवा बाबा. नाव?"

"सनित."

"वय?"

"बासष्ट. एका दिवसात चार वर्षांनी म्हातारा केलंस की गं मला."

टेम्पो मठाचा घाट चढत होता. बाबांच्या खिशात सनितकाकांचं ओळखपत्र होतं. काकांनीच आपणहून दिलेलं. "चेहरा एकच आहे दोघांचा," ते म्हणाले होते, "फक्त नाक माझं बरं आहे. विचारलंच कुणी, तर दारूनं बिघडलं म्हणून सांग."

या मठात दारू सोडायची शपथ आयुष्यात एकदाच मिळते. मोडली, तर पुन्हा दार नाही. बाबांनी सहा वर्षांपूर्वी ती घेतली होती. बर्फाच्या कारखान्यात रोज पहाटे लाद्या करवतीनं कापणारा हा माणूस चार वर्षं कोरडा राहिला. मग एका मित्राची नवी होडी पाण्यात सोडायची होती. रिवाजाप्रमाणे होडीच्या पुढच्या टोकावर देवीला दारू वाहिली आणि उरलेली हातोहात फिरली. देवीचा प्रसाद नाकारणं बाबांना जमलं नाही.

दोनदा सरकारी इस्पितळात ठेवलं, दोनदा ते निघून आले. यकृताचा अहवाल दाखवून डॉक्टर मला म्हणाले होते, "पीत राहिले तर पावसाळा बघणार नाहीत." म्हणून हे खोटं मी रचलं. मी शाळेत शिकवते. खोटं बोलणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं करते.

नोंदणीच्या टेबलावर सगळं सुरळीत झालं. तिथल्या तरुण भिक्षूनं कार्ड पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "काका, फोटोत फार सज्जन दिसता."

"तेव्हा होतो," बाबा म्हणाले.

मग शपथ. वृद्ध भंतेंना आता फारसं दिसत नव्हतं. त्यांच्यापुढे गुडघे टेकून, उदबत्त्या धरून, आपलं नाव मोठ्यानं उच्चारायचं. मी खांबाशी उभी होते. बाबांनी उदबत्त्या कपाळाशी नेल्या.

"मी प्रयून," ते म्हणाले.

कागदावरचं नाव वाचणारा भिक्षू गडबडला, "इथे तर सनित लिहिलंय." भंतेंनी मान तिरकी केली.

"करवतवाला प्रयून? तू येऊन गेला आहेस."

"हो भंते. मोडली."

"दुसऱ्यांदा देत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग दुसरं नाव लिहून आणलं होतंस, तेच का नाही सांगितलंस?"

"शपथ सनितची झाली असती. त्याला कशाला सोडवता? तो पितच नाही."

कुणीतरी हसलं. मी पुढे जाऊन गुडघे टेकले. "भंते, चूक माझी आहे. त्यांना घ्या. हे मरतील."

"पोरी," ते हळू म्हणाले, "दुसरी मिळते म्हटलं, तर पहिली कोण पाळेल?" मग त्यांनी हात पुढे केला, चाचपडत बाबांचं डोकं शोधलं आणि त्यावर बराच वेळ ठेवला. पण शपथ दिली नाही.

बाहेर आल्यावर मी बाबांना नाही नाही ते बोलले. "एक नाव घेता आलं नाही तुम्हाला? एक?"

त्यानंतर ते सात आठवडे जगले.

त्या दिवशी टेम्पो निघायला अजून अवकाश होता. अंगणात ओकारीच्या औषधाची वेळ झाली होती. नवे आलेले पन्हळीसमोर ओळीनं गुडघ्यांवर बसून काळा काढा गिळत होते, वर बादलीभर पाणी पीत होते आणि ओकत होते. मागे जुने लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत गात होते. टोकाला एक जाडा टॅक्सीवाला रडत होता, त्याला पाणी जाईना.

बाबा कुंपणाशी गेले. "पी रे! थांबू नकोस, आणखी पी!" ते ओरडले आणि टाळ्या वाजवू लागले. हात इतके कापत होते की तळवे एकमेकांना नीट लागत नव्हते.

टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला.

"बाबा, चला."

"थांब गं," मागे न बघता ते म्हणाले, "त्याचं होऊ दे."